मेंढ्यांचा मुक्काम आणि शेतीचा हिशेब

दसरा-दिवाळी उलटली की फलटण परिसरातील धनगरांचे वाडे सह्याद्रीचे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्यापूर्वी पुन्हा देशावर परततात. कोकणातील मुसळधार पाऊस मेंढ्यांना मानवत नाही आणि उन्हाळ्यातील देशावरचे माळ त्यांना पोसू शकत नाहीत. वाटेत हे कळप कापणी झालेल्या शेतांतील सड, गळालेले दाणे आणि बुडख्यांना फुटलेला कोवळा फुटवा यांवर जगतात. रात्री त्याच शेतात मेंढ्या बसवल्या जातात आणि सकाळी शेतकऱ्याला खत मिळालेले असते.

या व्यवहाराकडे एक मागासलेली चाल म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. साध्या शेणखतात नत्राचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, तर मेंढ्यांच्या लेंडीखतात ते सुमारे 3 टक्के असते. शिवाय मेंढ्या शेतातच बसत असल्याने मूत्रही जमिनीत मुरते आणि वाहतुकीचा खर्च उरत नाही. म्हणूनच शेतकरी मेंढपाळाला धान्य वा रोख मोबदला देत आला. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचे भांडवल ठरावा, असे विनिमयाचे इतके निर्मळ उदाहरण विरळाच!

अर्थात या व्यवहाराला मर्यादा आहेत. ज्वारीचा कोवळा फुटवा जनावरांना विषारी ठरू शकतो. जाणता मेंढपाळ कळप त्यापासून दूर ठेवतो. कळप उभ्या पिकात शिरला तर शेतकऱ्याचे वर्षाचे कष्ट वाया जातात, आणि त्याचा संताप अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र कायद्याची दृष्टी येथे एकांगी आहे. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने 'गुरे' या संज्ञेत मेंढ्यांचाही समावेश केला. शेतात शिरलेली मेंढी कोंडवाड्यात घालण्याची तरतूद झाली. शेतात बसवलेल्या मेंढीच्या मोबदल्याची मात्र कोठेच नोंद नाही. नुकसान कागदावर येते, लाभ तोंडी राहतो.

ही उणीव आज अधिक जाणवते. कालव्यांचे व विहिरींचे पाणी आले, ऊस आला, एका पिकामागोमाग दुसरे पीक उभे राहू लागले. त्यामुळे शेत मोकळे राहण्याचा काळ आखडला. पोत्यातील रासायनिक खत हाताशी आल्याने मेंढपाळाची गरज कमी भासू लागली. पाणलोट विकासाच्या गावांनी चराईबंदी स्वीकारली. तिने माळ हिरवे झाले, पण फिरत्या कळपाची वाट अरुंद झाली. ज्याला पर्याय उरत नाही, त्याला सौदा करण्याची ताकदही उरत नाही, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे.

2019 च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे 7 कोटी 42 लाख आणि महाराष्ट्रात सुमारे 27 लाख मेंढ्या होत्या. राज्य शासनाने 2017 मध्ये राजे यशवंतराव होळकर महामेष योजना सुरू केली. तीत मेंढ्यांच्या वाटपाबरोबर पावसाळ्यातील 4 महिन्यांसाठी चराई अनुदानाचाही समावेश झाला. परंतु हा भर मुख्यतः बंदिस्त व अर्धबंदिस्त पालनावर आहे. उरलेल्या 8 महिन्यांत जो कळप शेताशेतांतून फिरतो, त्याच्या हिशेबाचे काय?

उपाय खर्चिक नाही. कोणती शेते कधी मोकळी होणार, कोणाला मेंढ्या बसवून हव्यात आणि मोबदला किती, याची हंगामी नोंद ग्रामपंचायत ठेवू शकते. कळपांच्या रूढ वाटा ठरवून मोकळ्या राखता येतील. पिकाच्या नुकसानीची भरपाई आणि खताचा मोबदला एकाच नोंदवहीत आले, तर भांडणाची जागा हिशेब घेईल. जमिनीचा कस घटत असल्याची चिंता व्याख्यानांतून व्यक्त करणाऱ्या समाजाने, तो कस दारी घेऊन येणाऱ्या माणसाला गावाच्या शिवेवर अडवावे, हे शहाणपणाचे लक्षण खचितच नव्हे.