दार कोणासाठी उघडायचे?

प्रार्थनास्थळाचे दार सर्वांसाठी खुले असावे, हे म्हणणे सोपे आहे. परंतु त्या दारातून आत येणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या हाती आपले व्यासपीठ, आपले नाव आणि आपली दानपेटी सोपवायची काय, हा प्रश्न तितका सोपा नाही. उत्तर लंडनमधील फिन्सबरी पार्क मशिदीला या प्रश्नाचे उत्तर फार मोठी किंमत मोजून शोधावे लागले.

१९९४ साली ब्रिटनचे तत्कालीन युवराज चार्ल्स यांच्या उपस्थितीत या मशिदीचे उद्घाटन झाले. १९९७ मध्ये अबू हमझा तेथे इमाम म्हणून आला आणि हळूहळू विश्वस्त आपल्याच वास्तूत परके झाले. विश्वस्तांची नावे कागदावर राहिली. व्यासपीठ मात्र जहाल अनुयायांच्या हाती गेले. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी छापा घातला आणि मशीद बंद झाली. पुढे अबू हमझाला आधी ब्रिटनमध्ये आणि नंतर अमेरिकेत शिक्षा झाली. २०१५ साली अमेरिकी न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. उपासकांनी उभारलेली वास्तू अशी हातची जाते, ती एका दिवसात नव्हे. ‘कोण येतो, कोण बोलतो, पैसा कोठे जातो’ हे विचारण्याचे धैर्य विश्वस्तांपाशी उरले नाही, की ती जाऊ लागते.

२००५ मध्ये नव्या विश्वस्तांकडे कारभार आला. त्यांच्यापैकी काहींचा मुस्लिम असोसिएशन ऑफ ब्रिटन या संस्थेशी संबंध होता आणि त्या संस्थेवर मुस्लिम ब्रदरहूडशी वैचारिक जवळीक असल्याची टीका होत आली आहे. ती टीका दुर्लक्षिण्याजोगी नाही. परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०१४ मध्ये एचएसबीसी बँकेने या मशिदीचे खाते बंद केले. बँकांना जोखमीची माहिती पुरवणाऱ्या ‘वर्ल्ड-चेक’ या सूचीत मशिदीचे नाव दहशतवादाच्या वर्गात नोंदले गेले होते, हे पुढे उघड झाले. मशिदीने न्यायालयात धाव घेतली. २०१७ मध्ये ही सूची चालवणाऱ्या थॉमसन रॉयटर्सने माफी मागितली आणि दहा हजार पौंडांची भरपाई दिली. डोळे मिटून ठेवलेला विश्वास जितका घातक, तितकाच डोळे मिटून घेतलेला संशयही.

मग मार्ग कोणता? इंग्लंडच्या धर्मादाय आयोगाने विश्वस्तांसमोर एक साधे सूत्र ठेवले आहे: आपला दाता ओळखा, आपला लाभार्थी ओळखा, आपला भागीदार ओळखा. ओळखणे म्हणजे केवळ नाव विचारणे नव्हे. संस्था नोंदणीकृत आहे काय, तिचे हिशेब वेळेवर सादर होतात काय, ती चालवणारी माणसे कोण, हे आधी पाहायचे. मग काम, रक्कम आणि जबाबदारी यांचा लेखी करार करायचा. पैसा दिल्यावर तो ठरलेल्या कामावरच खर्च झाला याचा पुरावा मागायचा. पाहुण्या वक्त्याची पूर्वीची भाषणे तपासायची. शुक्रवारच्या नमाजानंतर कोणी झोळी फिरवू लागला, तर ती कोणासाठी आणि कोणाच्या परवानगीने, हे विचारायचे. आणि शेवटी निर्णय एकट्या अध्यक्षाने नव्हे, तर विश्वस्त मंडळाने घ्यायचा व तो इतिवृत्तात नोंदवायचा.

येथवर वाचून ‘हे त्यांचे प्रश्न, त्यांनी पाहावे’ असे कोणी म्हणेल, तर ती आत्मवंचना ठरेल. महाराष्ट्रातील नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला १९५०चा सार्वजनिक न्यास कायदा लागू आहे. विदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला २०२०च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. कायदा आहे, प्रश्न आहे तो आपल्या सवयीचा. आपल्या मंदिराच्या सभामंडपात आरोग्य शिबिर भरवणारी संस्था कोणाची, हे आपण विचारतो काय? उत्सवाच्या कमानीवर ज्याचे नाव झळकते, त्याचा पैसा कोणत्या व्यवहारातून आला, याची चौकशी होते काय? की ‘ओळखीतले आहेत’ या दोन शब्दांवर सारे निभावून नेले जाते?

दुसऱ्याच्या घराला लागलेली आग पाहून आपल्या घरातील निखारे तपासणे, हेच शहाण्या समाजाचे लक्षण होय. श्रद्धेने टाकलेला एक रुपयाही देवाच्या नावाने येतो आणि विश्वस्त हा त्याचा धनी नसून राखणदार असतो. राखणदाराने येणाऱ्याला नम्रपणे नाव-गाव विचारावे, यात कोणाचाही अपमान नाही. न विचारणे हा मात्र, ज्यांनी विश्वासाने किल्ल्या हाती दिल्या, त्या साऱ्या भाविकांचा अपमान आहे. येत्या बैठकीत प्रत्येक विश्वस्ताने हा विषय मांडावा, इतकीच अपेक्षा.