पाइप कोण साफ करतो?

पाइप ओढणारा माणूस विचारवंत असतो, ही अफवा मुळात कोणी उठवली याचा मला पत्ता नाही. पण ज्याने उठवली त्याच्या घरी पाइप साफ करायला दुसरे कोणीतरी होते, एवढे मी छातीठोकपणे सांगू शकतो. परवा माझ्या भाच्याने पाइप घेतला. नुसता घेतला नाही, तर तो तोंडात धरून, खिडकीबाहेर पाहत, फोटो काढून मला पाठवला. खिडकीबाहेर त्यांच्या सोसायटीचे पार्किंग आहे. तिकडे पाहून काही सुचावे असे त्यात काही नाही. पण चेहरा असा, की आता या मानवजातीचे कसे होणार! खाली लिहिले होते, 'मामा, सिगरेट हे व्यसन. पाइप ही साधना.'

या साधनेला मला चार खडे बोल सुनवायचे आहेत. तो अधिकार मला आहे, कारण माझे निम्मे बालपण एका पाइपच्या शेजारी गेले.

आमचे अण्णामामा फोर्टातल्या एका इंग्रजी कंपनीत हेडक्लार्क होते. साहेब विलायतेला परत जाताना त्याने दुसऱ्या कोणाला तरी बढती दिली आणि मामांना एक नवाकोरा पाइप दिला. सोबत तो कसा राखावा याची इंग्रजी पुस्तिका. अशा रीतीने तो पाइप गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत आला. संध्याकाळी मामा आरामखुर्चीत बसून तो शिलगावीत आणि विचार करीत. काय विचार करीत ते कधी बाहेर आले नाही. बाहेर येई तो धूर.

पुस्तिका मामा मोठ्याने वाचीत आणि त्याप्रमाणे मामी करी. मामी इंग्रजी दुसरी यत्ता; पण तिला सगळे एका झटक्यात कळले. 'पहिले काही दिवस वाटी एक तृतीयांशच भरावी, सावकाश तळापर्यंत ओढावी, म्हणजे आत काजळीचा थर धरतो,' असे मामांनी वाचले, तशी ती म्हणाली, "म्हणजे बिडाच्या तव्यासारखंच की! नव्या तव्याला पहिलं घावन चिकटायचंच." ब्रायर नावाचे ते लाकूड. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी गाठ धरते, तिच्यातून ते काढतात. सहजी जळत नाही म्हणून त्याचे कौतुक. तरी कोऱ्या लाकडाला सांभाळायला आत थर हवाच. पण तो नाण्याच्या जाडीइतका. जास्त झाला की तापल्यावर फुगतो आणि वाटीला तडा जातो. मामा म्हणत, "हा थर म्हणजे पाइपवरचे संस्कार." संस्कार खरवडायला मात्र मामी, बोथट चाकू घेऊन.

रोजचे काम वेगळेच. पाइप पुरता गार झाल्याशिवाय नळी उपसायची नाही, नाहीतर तिची खुंटी मोडते. मामा एवढे थांबत नसत. ते जेवायला बसत, मामी थांबे. मग पिळत पिळत नळी काढायची. पुस्तिकेत म्हटले होते की तारेवर कापसाची लव बसवलेले 'पाइप क्लीनर' वापरावेत. आमच्याकडे मामी खराट्याचा हीर घेई आणि देवाच्या वाती वळाव्यात तसा त्याला कापूस वळी. एक वात देवापुढे, एक पाइपात. दुसरी जळण्याआधीच काळी होई.

महिन्यातून एकदा मोठी सफाई. वाटीत मीठ भरायचे, त्यावर ब्रँडीचे थेंब सोडायचे, रात्रभर ठेवायचे. सकाळी मीठ तपकिरी झाले की वास गेला असे समजायचे. पण मुंबईत तेव्हा १९४९ चा दारूबंदी कायदा. प्रकृतीच्या कारणासाठी माणसांना परमिट मिळे, पाइपांना मिळत नसे. शेवटी तळमजल्यावरच्या होमिओपॅथ डॉक्टरांकडून मामी चमचाभर अल्कोहोल मागून आणी. तोंडात धरायची नळी रबर आणि गंधक यांची. उन्हाने आणि हवेने ती हिरवट पिवळी पडते आणि कडू लागते. तिला दंतमंजन लावून घासायची, मग तेलाचे बोट. हे सगळे झाले की मामा पाइप तोंडात धरीत आणि आल्यागेल्याला सांगत, "पाइपला फार निगा लागते हो. पेशन्स लागतो!"

सगळ्या पाइपवाल्यांची हीच गत. शेरलॉक होम्सच्या १८९३ सालच्या एका कथेत तो कोणाचा तरी विसरलेला पाइप पाहून मालक डावखुरा, मजबूत दातांचा आणि गबाळा आहे असे ओळखतो. आणि स्वतः? आदल्या वर्षीच्या दुसऱ्या एका कथेत आदल्या दिवसाची उरलीसुरली तंबाखू शेगडीवरच्या फळीच्या कोपऱ्यात वाळवून सकाळी तीच ओढतो! मिसेस हडसनबाई ती फळी कशी पुसत असतील, यावर त्याने कधी तर्क लढवला नाही.

आता साधनेचे मुख्य कलम. "पाइपचा धूर आम्ही गिळत नाही, म्हणून अपाय नाही." मामाही हेच म्हणत. धूर न गिळताही ओठाचा, जिभेचा, घशाचा कॅन्सर होतो, हे आता डॉक्टर सांगतात. मामीने ते आधीच सांगितले होते. एका रात्री काळा झालेला कापूस तिने मामांपुढे धरला. "अहो, हे नळीत अडकलं तेवढं. पुढं गेलं ते मी कुठल्या हिरानं काढू?" मामा हसले. चांगले वाक्य आहे म्हणाले.

१९७१ साली मामांच्या जिभेच्या कडेला फोड आला. परळच्या टाटा हॉस्पिटलात दीड वर्ष खेपा झाल्या. पाइप सुटला, मामाही गेले. तेराव्यानंतर मामीने सवयीने पाइप उघडला, हिराला कापूस वळला, नळीतून ओढला. कापूस पांढराच्या पांढरा बाहेर आला. तिने तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मग पाइप पुसून डब्यात ठेवला आणि डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, "तू घेऊन जा. शिलगावू मात्र नकोस."

म्हणून म्हणतो, निगा, पेशन्स, साधना हे शब्द पाइप ओढणाऱ्यांनी वापरू नयेत. ते त्यांचे नव्हेत. आणि विचारांना धूर लागतो हेही खोटे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आइन्स्टाइनचा एक पाइप आहे. नळीला चावून चावून भोक पडले आहे. डॉक्टरांनी तंबाखू बंद केल्यावर ते तो रिकामाच तोंडात धरीत. रिकामा पाइप आइन्स्टाइनना पुरला, तर भाच्याला पुरायला हरकत नसावी.

मामांचा पाइप अजून माझ्याकडे आहे. दर दसऱ्याला मी तो साफ करतो. कापूस पांढरा निघतो.

भाच्याने फोटोखाली आणखी विचारले होते, 'मामा, तंबाखू कुठली घेऊ?' मी त्याला खराट्याचे बारा हीर आणि कापसाचे एक पुडके कुरियरने पाठवले. सोबत चिठ्ठी : 'हे महिनाभर पुरेल. साफ तूच करायचा, आणि रोजचा कापूस टाकायचा नाही, बरणीत जमवायचा. बरणी भरली की तिच्याशेजारी बसून फोटो काढ आणि मला पाठव.'

महिना झाला. फोटो आलेला नाही. पण काल त्याच्या बायकोचा फोन आला होता. म्हणाली, "मामा, ते हीर छान आहेत हो. आणखी थोडे पाठवाल? खिडकीच्या जाळ्या साफ करायला बरे पडतात."