मुख्याध्यापक कीं मुकादम ?

"शाळा बुडाल्या, मास्तर कामचुकार झाले," ही ओरड आज गांवोगांव चालू आहे. पारावर, एस. टी.च्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवांत जो तो मास्तराच्या नांवानें बोटें मोडतो. आम्ही स्वतः मास्तर आहों. वीस वर्षें खेड्यांत खडू झिजविला आहे. मास्तरांचे दोष आम्ही झांकणार नाहीं. पण आमचा एक रोकडा सवाल आहे. मास्तर भेदरट कां होतो, आणि एकाच शाळेंतले चार मास्तर चार दिशांना तोंडें कां करितात, याचा शोध कोणी केला आहे काय ?

डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट सांगतों. आमच्या एका शाळेवर तपासणी आली. तिसरीच्या कांहीं मुलांना धडा वाचतां येईना. साहेबांच्या कपाळाला आठी पडतांच मुख्याध्यापकांनीं भर वर्गांत नव्या बाईंकडे बोट केलें, "हा यांचा वर्ग !" झालें ! बाईंच्या तोंडाला कुलूप बसलें. पूर्वीं त्या भाकरीचे चतकोर करून पाव, अर्धा, पाऊण शिकवीत. पुढें पुस्तकाबाहेर पाऊल टाकीनात. चौथीचे मास्तर दोष तिसरीवर ढकलूं लागले, तिसरी दुसरीवर, दुसरी पहिलीवर, आणि पहिली अंगणवाडीवर ! बोटें सर्वांचीं चालत होतीं. हात कोणाचाच चालत नव्हता.

पुढें आमची बदली दुसऱ्या गांवीं झाली. तेथेंही रयतेचींच पोरें, तशीच तपासणी, आणि वाचन तसेंच कच्चें. पण तेथील मुख्याध्यापक पुढें होऊन म्हणाले, "साहेब, शाळा माझी आहे. जबाब मी देतों." साहेब गेल्यावर त्यांनीं आम्हां सर्वांना एकत्र बसविलें आणि पहिला प्रश्न केला, "माझें कोठें चुकलें ?" वरिष्ठानें आपली चूक आधीं काढली कीं कनिष्ठाला स्वतःची चूक सांगण्याचें भय उरत नाहीं. त्याच बैठकींत ठरलें कीं, रोज एक तास इयत्ता विसरून, ज्याला जेवढें वाचतां येतें त्याप्रमाणें मुलांच्या तुकड्या कराव्या. अक्षरेंही न ओळखणारी तुकडी मुख्याध्यापकांनीं स्वतःकडे घेतली. दिवाळीपर्यंत बहुतेक पोरें वाचूं लागलीं. मास्तर तेच, पगार तोच, फळा तोच. फरक एका माणसाच्या वागण्याचा!

मग असे मुख्याध्यापक थोडे कां ? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत पहिली ते पांचवीच्या शाळेचा पट 150 च्या वर असला तरच स्वतंत्र मुख्याध्यापक सांगितला आहे. म्हणजे वाडीवस्तीवर वर्ग शिकविणाऱ्या मास्तराच्याच गळ्यांत हें लोढणें ! खिचडीचा हिशेब, पटाचे आंकडे, मोबाईलवर मागविलेली माहिती, यांतून त्याला सोबत्यांजवळ बसावयास घटका कोठून मिळावी ? मोठ्या शाळेंत खुर्ची मिळते ती बहुधा सेवाज्येष्ठतेच्या यादीनें. वाचक हो, जन्मानें येणारें मोठेपण धुडकावण्यासाठीं आपल्या वाडवडिलांनीं झगडा केला. मग निव्वळ नोकरीच्या तारखेनें येणाऱ्या मोठेपणापुढें आपण मान तुकवावी काय?

1882 सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं मागितलें कीं, प्राथमिक शिक्षक शिकून तयार झालेला व शक्यतों शेतकरी वर्गांतला असावा. कारण असा शिक्षक लोकांत मिसळेल व त्यांच्या गरजा जाणील. तोच न्याय मुख्याध्यापकाला लावा. जो मास्तरांत मिसळत नाहीं, त्याला मास्तरांची अडचण काय कळणार ? तो हजेरी घेणारा मुकादम !

आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. खुर्चीवर बसविण्यापूर्वीं माणसें सांभाळण्याचें शिक्षण द्या. हिशेबाचें ओझें दुसऱ्याकडे सोंपवून आठवड्यांतून अर्धा दिवस मास्तरांच्या एकत्र बैठकीसाठीं राखा. आणि मुख्याध्यापक कितीही मोठा असो, त्यानें रोज एक तास खडू हातीं धरावा.

गांवकरी हो, शाळा व्यवस्थापन समितींत कायद्यानें तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. पुढच्या सभेंत रंगरंगोटीचा व कुंपणाचा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि एवढेंच विचारा, "गेल्या महिन्यांत आपले मास्तर एकत्र किती वेळां बसले ?" उत्तर आलें नाहीं, तर पोर कां वाचत नाहीं हें समजून घ्या, मग खुशाल मास्तराच्या नांवानें बोटें मोडा!

— एक खेडवळ शिक्षक