इन्फ्लुएंझाची लस : विकतची की हक्काची?

पावसाळा लागला की नागपूरच्या दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रीघ लागते. त्यांतील कित्येकांस इन्फ्लुएंझा झालेला असतो. परंतु घरोघरी त्याची बोळवण ‘साधा सर्दीताप’ या दोन शब्दांत होते. ज्याला पगारी रजा आहे त्याच्या दृष्टीने तो बहुधा साधाच ठरतो. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याला मात्र आठ दिवसांचे अंथरूण म्हणजे आठ दिवसांची उपासमार होय. रोग एकच, पण दोन घरांत त्याची किंमत निराळी, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

याविषयी इतिहासाची साक्ष स्पष्ट आहे. १९१८ साली इन्फ्लुएंझाची भयंकर साथ आली. हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक बळी घेतले आणि नागपूर ज्याची राजधानी होती तो मध्यप्रांत व वऱ्हाडचा मुलूख तिच्या तडाख्यात विशेष सापडला. मुंबई शहरातील मृत्यूंची जातवार नोंद उपलब्ध आहे. दर हजारी मृत्यूचे प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९.०, इतर हिंदूंत १८.९ आणि ज्यांना सरकारी दप्तराने ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले त्यांच्यात ६१.६ होते. विषाणूला जात कळत नाही. मग हा सातपटीहून अधिक फरक कोठून आला? तो कोंदट खोल्यांतून, अर्धपोटी शरीरांतून आणि शुश्रूषेच्या अभावातून आला. जात ज्या ठिकाणी माणसाला राहावयास लावीत होती, त्या ठिकाणी मृत्यूला वाट मोकळी होती.

त्या वेळी लस नव्हती. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणूच मुळी १९३३ साली हाती लागला. १९१८ च्या समाजाला निदान ही सबब सांगता येत होती. आजच्या समाजाला ती सांगता येणार नाही.

लसीविषयी काही गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. सुईने टोचली जाणारी लस सामान्यतः निष्क्रिय केलेल्या विषाणूंपासून तयार करतात. सबब तिच्यामुळेच फ्लू होतो ही समजूत निराधार होय. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते, इतकेच. हा विषाणू आपले रूप सतत बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीचे घटक ठरविते आणि लसही दरवर्षी घ्यावी लागते. ती पूर्ण संरक्षण देत नाही हे खरे. परंतु गंभीर आजार व मृत्यू यांचा धोका ती कमी करते. गर्भवती स्त्रिया, वृद्ध, लहान मुले आणि दमा, मधुमेह वा हृदयविकार असलेले रुग्ण यांनी ती अवश्य घ्यावी. संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. यास्तव पावसाळ्यापूर्वी लस घेणे इष्ट. ते राहून गेले असल्यास, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखोंच्या समुदायात जाणाऱ्या वृद्धांनी तरी दोन आठवडे आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आता हक्काचा प्रश्न. ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. ती बहुधा खाजगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते. प्रताप नगरातील पेन्शनरास हे जमते. त्याच्या दारातील कचरा उचलणाऱ्या कामगारास आणि घरी भांडी घासणाऱ्या बाईस ते जमत नाही. ज्या घरात आजारी माणूस खोकत पडला आहे त्याच घरातील केरकचऱ्याला त्यांचे हात लागतात, आणि संरक्षण मात्र घरमालकाला मिळते!

राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले आहे. १९९६ साली पश्चिम बंगाल खेतमजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तातडीचे वैद्यकीय उपचार नाकारणे हा २१ व्या अनुच्छेदाचा भंग असल्याचे सांगितले. २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात त्याच न्यायालयाने निर्णय दिला की, कोणावरही लसीची सक्ती करता येत नाही. हा निर्णय आम्हास सर्वस्वी मान्य आहे. परंतु नाकारण्याच्या स्वातंत्र्यात मिळण्याची शक्यता गृहीत असते. ज्याच्यापर्यंत लस पोहोचतच नाही, त्याला ती नाकारण्याचे स्वातंत्र्य आहे असे म्हणणे ही थट्टा होय.

सरकारी तिजोरीला हे झेपणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. त्याला सरकारचीच कृती उत्तर देते. २०१५ साली स्वाइन फ्लूचा जोर असताना महाराष्ट्र शासनाने गर्भवती स्त्रिया आणि मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण यांच्यासाठी मोफत लसीची योजना आखली. २०२१ साली कोविडची लस देताना आरोग्य कर्मचाऱ्यांमागोमाग पालिकांच्या सफाई कामगारांचा क्रम लावण्यात आला. म्हणजे त्यांच्या कामात धोका आहे, हे शासनाने एकदा मान्य केले आहे. कोविडच्या वेळी जो धोका खरा होता, तो इन्फ्लुएंझाच्या वेळी खोटा कसा ठरतो?

आमची मागणी मर्यादित आहे. महानगरपालिकेने प्रतिवर्षी पावसाळ्यापूर्वी कायम व कंत्राटी अशा सर्व सफाई कामगारांना त्यांच्या संमतीने ही लस मोफत द्यावी. कंत्राटदाराच्या करारात तशी अट घालावी. आणि लस घेतल्यावर कणकण आल्यास त्या दिवसाची मजुरी कापू नये. कामगार संघटनांनी वेतनाच्या मागण्यांबरोबर ही मागणीही लेखी द्यावी. तोंडी विनंती विसरली जाते, लेखी अर्जाला उत्तर द्यावे लागते. ज्यांना ऐपत आहे त्यांनी आपल्या घरी राबणाऱ्यांच्या लसीचा खर्च अवश्य उचलावा. पण त्या औदार्याने महानगरपालिकेची जबाबदारी संपत नाही. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हक्क तसा नसतो.