डॉक्टरांच्या संघटना आणि किडनी संशोधनाचा निधी



डॉक्टरांच्या संघटना फक्त पंचतारांकित परिषदा भरवतात, किडनीसाठी पैसा खेचून आणला तो रुग्णांनीच, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे.

त्या पत्रातील शेप ग्लेझर या किडनीरुग्णाचा दाखला बिनतोड आहे. 4 नोव्हेंबर 1971 रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीसमोर तो डायलिसिस यंत्राला जोडलेल्या नळ्यांसह बसला. काही विपरीत घडले तर, या धास्तीने अनेक डॉक्टरांनी आधी नाकेच मुरडली होती! पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि डायलिसिसचा खर्च सरकारी मेडिकेअर विम्यात आला.

पण तो पैसा उपचारांचा होता. संशोधनाची झोळी रिकामीच राहिली: 2015 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी किडनी संशोधनाला सुमारे 56 कोटी डॉलर दिले, तर निकामी किडनीच्या रुग्णांवर मेडिकेअरचा वर्षाचा खर्च 3,000 कोटी डॉलरांच्या वर होता.

ही तफावत खासदारांच्या दारी सतत मांडणे हे चिवट आणि कंटाळवाणे काम. ते अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी या किडनीतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेने केले. शिवाय 2018 मध्ये सरकारच्या आरोग्य खात्याबरोबर ‘किडनीएक्स’ ही बक्षीस योजना उभारून स्वतःचे अडीच कोटी डॉलर कबूल केले. संशोधक शुवो रॉय यांच्या गटाला 2021 मध्ये कृत्रिम किडनीसाठी साडेसहा लाख डॉलर मिळाले ते याच योजनेतून.

परिषदांना औषध कंपन्यांचे प्रायोजकत्व असते, हा आक्षेप मात्र रास्तच. त्याचा हिशेब संघटनांकडे मागावा.

– एक वाचक, ठाणे