लादी, मोती आणि फिनेलची बाटली

दिवाळी जवळ आली की मराठी घरात धुळीविरुद्ध मोहीम निघते. माळे रिकामे होतात, पितळेचे डबे चिंचेने उजळतात, आणि घरातला कर्ता पुरुष नेमके त्याच रविवारी बाहेरचे काम काढतो. पण ज्या घरात कुत्रा आहे तिथे ह्या युद्धाला निराळेच स्वरूप येते. तिथे शत्रू किल्ल्याच्या आतच असतो, शेपूट हलवीत असतो, आणि लादी पुसून होताच ओल्या पायांनी तिच्यावरून फेरफटका मारून येतो!

आमच्या करी रोडला हा प्रश्न हल्ली फार गाजतो. गिरण्यांच्या दिवसांत इथल्या चाळीतला कुत्रा साऱ्या चाळीचा असे आणि त्याचा मुक्काम जिन्याखाली असे. पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, कित्येक चाळींचा पुनर्विकास झाला, आणि जिन्याखालचे कुत्रे लिफ्टमधून पंधराव्या मजल्यावर राहायला गेले. पायाखालची जमीनही बदलली. खडबडीत शहाबादी फरशी गेली आणि तोंड पाहावे अशी गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादी आली.

ही लादी कशाने पुसावी, ह्याविषयी आमच्या इमारतीत तीन पंथ आहेत. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा फिनेलवादी. वास आल्याशिवाय स्वच्छता झाली हे त्यांना पटतच नाही. सातव्या मजल्यावरच्या वहिनी व्हिनेगरवादी, आणि त्यांच्या शेजारीणबाई ब्लीचवादी. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ ह्या वादावर मी वर्गात वीस वर्षे बोलत आलो आहे. त्यामुळे कोणताही वाद दिसला की दोन्ही बाजू तपासून पाहण्याची खोड मला जडली आहे.

प्रथम फिनेल. काळ्या फिनेलमध्ये डांबरापासून निघणारी फिनॉलच्या जातीची द्रव्ये असतात. माणूस चपला घालून वावरतो. कुत्रा अनवाणी चालतो आणि मग बसून पंजे चाटतो. म्हणजे लादीवर जे ओताल ते त्याच्या पोटात जाणार. मांजराला तर ही द्रव्ये पचवताच येत नाहीत. रांगते मूल असेल तर त्याचीही तीच कथा, कारण तेही हाताची चव घेतच जग ओळखते.

आता व्हिनेगर. व्हिट्रिफाइड लादीला त्याचे काही वाटत नाही. पण शहाबाद, कोटा आणि संगमरवर हे सारे चुन्याच्या कुळातले दगड. त्यांच्यावर लिंबाचा रस टाकून पाहा, बारीक बुडबुडे येतील. दगड झिजतो आहे असा त्याचा अर्थ. आजीच्या वेळच्या सिमेंटच्या नक्षीदार टाइल्स कुणाच्या घरी अजून असतील, तर त्यांनाही आंबट पदार्थांपासून जपावे. १९२२ साली स्वदेशीच्या प्रेरणेने निघालेल्या भारत टाइल्सच्या कारखान्याने अशा लाद्या घरोघर पोचवल्या. इतकी वर्षे टिकलेली चीज बाटलीभर व्हिनेगरसाठी का घालवावी?

राहिले ब्लीच. त्याचा मान मोठा, पण त्याची वेळ ठरलेली आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, ती जुन्या मुंबईकरांच्या लक्षात असेल. हा रोग बाधित उंदरांच्या, तसाच बाधित कुत्र्यांच्या मूत्रातून पसरतो, आणि त्याच्या जंतूंना ओल फार प्रिय. म्हणून कुत्र्याला दरवर्षी लेप्टोची लस टोचून घ्यावी हा पहिला उपाय. परळचे बाई साकरबाई पेटिट जनावरांचे इस्पितळ आपल्या हाकेवर आहे. कुत्रा आजारी असेल तर लादी आधी साबणाच्या पाण्याने धुवावी आणि मग एक भाग ब्लीच व दहा भाग पाणी वापरावे. हातांत रबरी मोजे असावेत, खिडक्या उघड्या असाव्यात, आणि लादी पुन्हा धुऊन वाळेपर्यंत कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवावे. मात्र न पुसलेल्या मूत्रावर ब्लीच ओतू नये, किंवा त्यात व्हिनेगर वा ॲसिड मिसळू नये. विषारी वायू निघतो.

मग रोजचे काय? रोजची रीत आमच्या घरी लादी पुसणाऱ्या मावशींनी एका वाक्यात सांगितली. “सर, औषध कसलंबी घाला, पण केस आधी काढा आन् फडकं घट्ट पिळा.” ओले फडके केसांवर फिरवले की केसांच्या वाती होऊन कोपऱ्यात बसतात. म्हणून कुत्र्याला रोज विंचरावे, लादी कोरडी झाडावी, आणि मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब टाकून पुसावी. शेवटचा हात साध्या पाण्याचा. दारात गोणपाट टाकून बाहेरून आलेले पाय तिथेच पुसले, तर निम्मे काम दारातच संपते.

आमच्या घरी मोती तेरा वर्षांचा आहे आणि आई ऐंशीची. नव्या लादीवर मोतीचे मागचे पाय दोन दिशांना पसरतात, आणि आई भिंतीला हात लावून चालते. पडली तर काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यामुळे लादी किती चकाकते ह्यापेक्षा ती किती लवकर वाळते, हे आम्ही पाहू लागलो. आता दोघांच्या वाटेवर न घसरणाऱ्या जाड पट्ट्या अंथरल्या आहेत, आणि मोतीची नखे व पंजांतले केस वेळच्या वेळी कापले जातात. पाहुण्यांना ही सजावट रुचत नाही. पण पाहुणे तासाभराने घरी जातात.

शेवटी दिवाळीपुरते सांगतो. ॲटमबाँबचा आवाज झाला की शहाणा कुत्राही भिऊन घरात लघवी करतो. त्याला ओरडू नये. भीती वाढते आणि डबकेही वाढते. जुने वर्तमानपत्र टाकून ओल आधी टिपून घ्यावी, मग धुवावे. अमोनिया असलेले द्रव टाळावे, कारण त्याचा वास मूत्रासारखाच, आणि कुत्र्याला तिथे पुन्हा यायचे निमंत्रणच मिळते. वास जात नसेल तर एन्झाइमचे द्रव मिळते, ते त्या जागी थोडा वेळ मुरू द्यावे.

तात्पर्य, लादीसाठी लादी की जीवनासाठी लादी, ह्या वादात मी पक्का जीवनवादी आहे. ज्या लादीवर म्हातारी माणसे, रांगती मुले आणि मुके प्राणी निर्धास्त चालतात, ती लादी स्वच्छ. मग तिच्यात आपला चेहरा दिसला नाही तरी चालेल. तो आपण रोज आरशात पाहतोच.