खुणेची झाडे आणि बाळहिरडा

गेल्या माघात भोरगिरीहून भीमाशंकरास पायी जाण्याचा योग आला. सोबत आमच्या शाखेतील सहा वैद्य आणि एका फार्मसीचे मालक होते. वाट दाखविण्यास भोरगिरीचे एक वृद्ध महादेव कोळी गृहस्थ आले होते. कोटेश्वराच्या मंदिरापाशी आम्ही त्यांना वाट विचारली, तेव्हा त्यांनी अंतर सांगितले नाही, झाडे सांगितली. वेढलेल्या आंब्यापासून वर, बेहड्याला वळसा आणि पुढे देवाच्या हिरड्यापाशी उजवीकडे, एवढाच त्यांचा नकाशा. श्रावणात धुके उतरले की दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. तेव्हा माणूस बुंधा चाचपून वाट ओळखतो, असे ते म्हणाले.

ही तीन झाडे पाहण्यासाठी एवढी चढण चढावी, अशीच आहेत. आंब्याला नांद्रुकीने असे वेढले आहे की मूळ खोड फटींतूनच दिसते, तरीही शेंड्याला मोहोर होता. बेहडा दोघांच्या कवेत न मावणारा, अंगात मोठी ढोली असलेला. उत्तर सह्याद्रीत धनेश पक्षी घरट्यासाठी अशा जुन्या बेहड्यांच्या ढोली शोधतो. खाली फळांचा सडा पडला होता आणि तो कोणी उचलला नव्हता. आमच्या वाटाड्या मामांना कारण विचारता ते केवळ हसले. बेहड्याविषयीचे भय जुनेच आहे. महाभारतात नलाच्या देहातून निघालेला कली बिभीतकातच शिरला आणि ‘कलिद्रुम’ हे नाव आपल्या निघंटूंनीही जपले.

परंतु आम्हांस थांबविले ते तिसऱ्या झाडाने. हिरडा फार उंच नव्हता, पण पसरलेला होता. मुळाशी शेंदूर लावलेला दगड होता. या झाडाची फांदी कोणी तोडत नाही आणि कोवळे फळही काढत नाही. त्यामुळे गेल्या हंगामाची पिकलेली फळे खाली पडली होती, आणि त्या पाचोळ्यात मामांनी आम्हांस हिरड्याची चार रोपे दाखविली. फार्मसीच्या मालकांनी तीन फळे उचलून पुढच्या ओहोळात टाकली. पाण्यात बुडेल तो हिरडा उत्तम, ही भावप्रकाशाची परीक्षा त्यांना तोंडपाठ होती. दोन बुडाली, एक तरंगले. वीस वर्षे हिरडा विकत घेणाऱ्या या गृहस्थांनी हिरड्याचे झाड त्या दिवशी प्रथमच पाहिले. हे त्यांनी स्वतःच सांगितले, आणि आमच्यातील दोघा वैद्यांनी मान खाली घातली, हेही येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

उतरणीवर मालकीच्या रानातले हिरडे लागले. तेथे पाचोळा होता, पण एकही रोप दिसले नाही. याचे कारण आम्हां सर्वांच्या दवाखान्यात बरणीत भरून ठेवलेले आहे. बाळहिरडा म्हणजे आत कठीण आठळी धरण्यापूर्वी काढून वाळविलेले कोवळे फळ. ज्या झाडाचा सगळा बहर बाळहिरडा म्हणून उतरविला जातो, त्या झाडाला त्या वर्षी बीज उरत नाही. त्यातून हिरड्याची आठळी इतकी टणक की पिकलेले बीही सहजासहजी रुजत नाही. आज रानात उभे असलेले हिरडे आजोबा-पणजोबांच्या काळातले आहेत. त्यांची जागा घेणारी पिढी त्या उतरणीवर आम्हांस दिसली नाही.

यावर कोणी म्हणेल की दोष गोळा करणाऱ्याचा आहे. हे आम्हांस मान्य नाही. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ पट्ट्यात हिरडा हे आदिवासी कुटुंबाचे उन्हाळ्यातील रोख उत्पन्न आहे. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने तेथील हिरड्याचे मोठे नुकसान केले, तेव्हा भरपाईसाठी या कुटुंबांना दीर्घकाळ झगडावे लागले. बाळहिरड्याला पक्व हिरड्यापेक्षा पुष्कळ अधिक भाव मिळतो. ज्याच्या घरी चूल त्या भावावर पेटते, त्याला तुम्ही फळ पिकू द्या म्हणून उपदेश करणे आपल्यास शोभत नाही. भाव त्याने ठरविलेला नाही. मागणी कोवळ्या फळाची आहे, आणि त्या मागणीत आपलाही वाटा आहे.

ही मागणी शास्त्राने आपल्यावर लादली आहे काय? सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सेहेचाळिसाव्या अध्यायात पक्व फळच गुणवान मानले आहे आणि अपवाद केवळ बिल्वाचा केला आहे. त्रिफळेस पक्व, आठळी काढलेला हिरडाच लागतो. तुपात परतलेल्या बाळहिरड्याचा मलावष्टंभात व अर्शात उपयोग होतो, तो आम्हीही करतो आणि त्याचा त्याग करा असे आमचे म्हणणे नाही. मात्र जेथे सुरवारी हिरडा तितकेच काम करील, तेथेही केवळ पुडी सुबक दिसते वा रुग्ण नाव घेऊन मागतो म्हणून बाळहिरडा देण्याची सवय आपल्यापैकी अनेकांस जडली आहे. आमच्याच चिकित्सालयाचे मागील वर्षाचे कागद आम्ही काढून पाहिले. निम्म्याहून अधिक वेळा पक्व हिरड्याने भागले असते.

दुसरा मुद्दा देवाच्या झाडाचा. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या आरंभी औषधी कोठली घ्यावी हे सांगताना स्मशान, चैत्य, देवस्थान, वारूळ इत्यादी जागा वर्ज्य केल्या आहेत, आणि सुश्रुतसंहितेतही भूमिपरीक्षेत असाच निषेध आढळतो. अध्यापक हा भाग द्रव्याच्या शुद्धतेचा म्हणून शिकवितात, आणि तो तसा आहेही. परंतु त्या शेंदरी दगडापाशी उभे राहिल्यावर आम्हांस त्याचा दुसरा परिणाम दिसला. वैद्याने जे झाड सोडले, ते बीज देत राहिले. आचार्यांचा हेतू हाच होता, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. इतकेच की खुणेचे झाड वाचले ते खूण म्हणून, आणि ज्यांना खूण नाही ती झाडे क्विंटलच्या हिशेबात नाहीशी होतात.

2002 च्या जैवविविधता कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली. नोंदणीकृत आयुष व्यावसायिकांना आणि संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाला लाभवाटपाच्या तरतुदीतून सूट मिळाली. अनेक बंधूंनी तिचे स्वागत केले. कागदपत्रांचा जाच टळला, हे खरेच. पण झाड राखणाऱ्याला काही द्यावे, ही कायद्याची अपेक्षा आपल्यापुरती सैल झाली, म्हणून ती देणेकऱ्याच्या मनातूनही उतरावी काय?

फार्मसी-मालकांपुढे आमची सूचना साधी आहे. बाळहिरड्याची मागणी नोंदविताना तो कोणत्या गावचा हे व्यापाऱ्यास विचारावे. उत्तर मिळत नसेल तर गावच्या सोसायटीशी किंवा गटाशी थेट बोलावे. दर दहा हिरड्यांमागे एक झाड पिकेपर्यंत राखावे आणि त्याच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई खरेदीच्या भावातच धरावी. दहास एक हा आकडा आमच्या अंदाजाचा आहे, गावकऱ्यांनी दुसरा सांगितला तर तोच घ्यावा. राखलेल्या झाडाला चुन्याचा पट्टा ओढला की तेही खुणेचे झाड होईल. आमच्यासोबत आलेल्या मालकांनी तेथल्या एका कुटुंबाशी तीन झाडांचा असा करार तोंडी केला आहे. पुढील पावसाळ्यानंतर त्याचे काय झाले, ते याच अंकांतून कळवू.

वैद्यांसाठी वेगळे सांगणे आहे. औषधींचे नाव व रूप गुराखी, धनगर आणि वनवासी जाणतात, हे चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात आहे. उपयोग जाणणारा तो तत्त्वविद, असे पुढे म्हटले आहे खरे, पण आपण रूप विसरून थेट उपयोगावर येऊन बसलो आहोत. येत्या माघात हीच वाट पुन्हा चालण्याचे शाखेने ठरविले आहे. चढ बराच आहे, तेव्हा सांध्यांचे दुखणे असणाऱ्यांनी विचार करून नाव द्यावे. मामा पुन्हा येणार आहेत, मात्र त्यांचा दिवसाचा मेहनताना आधीच ठरवून द्यावयाचा आहे. नावे पौष अखेरपर्यंत कार्यवाहांकडे पोचावीत.